एका हेलकाव्याला लागणारा वेळ

सकाळी सव्वासात वाजता ‘रवळनाथ प्रसाद’ ही मासेमारी बोट माडबागच्या खाडीत सैल दोरांवर उभी होती आणि तिच्यावर आठ माणसं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धावत होती. मग परत. मग पुन्हा. बोट झुलायला लागली होती.

“थांबा,” धक्क्यावरून वृंदा कामेरकर म्हणाली.

आठही जण बोटीच्या मधोमध येऊन उभे राहिले. बोट झुलतच राहिली.

“परुळेकर, घड्याळ.”

मी घड्याळ सुरू केलं. बोटीच्या डोलकाठीचा शेंडा समोरच्या एका वाकड्या माडाच्या रेषेत धरायचा, तो डावीकडे टोकाला गेला की सुरुवात, पाच वेळा त्याच टोकाला परत आला की बंद. एवढंच माझं काम. खरं तर माझं काम बातमी घेण्याचं होतं. पण तिच्या मदतनिसाला आदल्या दिवशी ताप भरला आणि धक्क्यावर रिकामे हात फक्त माझेच होते.

“काय गो बाय,” बोटीवरून एक खलाशी ओरडला, “शिमग्याक इतके नाचलंव नाय आमी. आणि किती?”

“अजून दोनदा.”

“मगे गाणा तरी म्हण.”

जुलै होता, मासेमारी बंद. दोन दिवस उघडीप होती. एरवी या दिवसांत बोटी शाकारून ठेवलेल्या असतात. ही एक बोट तिच्या मालकाने, बाबल कुबल तांडेलने, या परीक्षेसाठी आठवडाभर आधी पाण्यात सोडली होती. वृंदा मुंबईत नौकारचनेच्या एका संशोधन संस्थेत काम करत होती. मासेमारी बोटी उलटतात त्या वादळातच उलटतात असं सगळे धरून चालत होते, आणि ते खरं नसावं असा तिचा संशय होता. म्हणून ती किनाऱ्यावरच्या बंदरांतून बोटी मोजत फिरत होती. ही अकरावी. तिच्या प्रबंधात बोटीचं नाव येणार नव्हतं, नुसतं ‘नौका अकरा’ असं येणार होतं. या अटीवरच बोटवाले तयार व्हायचे.

सुरुवातीलाच तिने पाण्याची टाकी उघडून बघितली होती. ती अर्धी भरलेली होती.

“एकतर भरा, नाहीतर रिकामी करा. अर्धी नको.”

“अर्ध्यान काय होता?” बाबल तांडेलने विचारलं.

“बोट कलली की पाणी पण तिकडेच धावतं. तुमची माणसं मी सांगितलं की थांबतात. पाणी थांबत नाही.”

तांडेलने एकाला टाकी रिकामी करायला सांगितलं. पन्नाशीचा माणूस, रुंद, बोलायला सावकाश. तोवर तो तिच्यावर खूष होता.

तिन्ही वेळा मोजून झालं. तिने माझ्या हातातून घड्याळ घेतलं, आकडे बघितले, कागदावर भागाकार केला आणि पेन्सिल कानावर ठेवली. मग पुन्हा घेतली आणि पुन्हा भागाकार केला.

“वाईट?” मी विचारलं.

“बोटीची रुंदी मीटरमध्ये जितकी, साधारण तितक्या सेकंदांच्या आत एक पूर्ण हेलकावा व्हायला हवा. ही पाच मीटर रुंद आहे. हेलकाव्याला सात सेकंदांच्या वर घेते आहे.”

“म्हणजे संथ आहे.”

“संथ नाही. तिला सरळ होता येत नाहीये.”

हे मी लिहून घेतलं. पुढे अनेक वर्षं ते वाक्य मला पाठ असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तांडेल आणि त्याची माणसं होडीतून धक्क्यावर आली. घामाने भिजलेली आणि खुशीत. दत्ताराम कुबलची बायको सुमन चहाची किटली घेऊन आली होती. दत्ताराम म्हणजे दत्तू, बाबलचा धाकटा भाऊ. ती प्रत्येकाला पेला देत होती आणि कोणी किती धावलं यावर बोलत होती.

“भावजी धावताना बघलंय मी. लग्नात सुद्धा इतके धावले नाय.”

“लग्नात खंय धावतलंय? पळूक वाट नाय होती,” बाबल म्हणाला. मग वृंदाकडे वळला. “सांग बाय. पास?”

“तांडेल, बोट फार हळू झुलते.”

“ता माका माहिती असा. पाळण्यासारकी झुलता. हेंका विचार. दुसऱ्या बोटीवर हाडां खिळखिळी होतत, हिच्यार झोप लागता.”

“तेच वाईट आहे.”

माणसं हसली. तिला हे हसणं दहा बंदरांत ऐकून माहीत असणार.

“म्हातारं माणूस अंगणात काही उचलायला वाकतं,” ती म्हणाली. “सरळ व्हायला वेळ लावतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, किती शांतपणे करतंय. ते शांतपण नसतं. कंबरेत ताकद नसते. एखाद दिवशी ते वाकतं आणि उठत नाही.”

“माझ्याकडे बघान कित्याक सांगतस?” तांडेल म्हणाला.

पुन्हा हशा. पण तो स्वतः हसला नाही. त्याने बोटीकडे बघितलं, आणि मला कळलं की तिला काय सांगायचंय ते त्याला आधीच कळलं होतं.

“वर वजन आहे,” ती म्हणाली. “केबिनवरचं ते मचाण उतरवा. दुसरा उपाय म्हणजे तळाला दगड भरायचे. पण मग बोट पाण्यात खाली बसेल आणि मासळीला जागा कमी पडेल. मचाण उतरवणंच बरं.”

एक खलाशी पेला धुवायला म्हणून उठून गेला. दुसरा त्याच्या मागोमाग. सुमन किटलीचं झाकण लावत राहिली.

वृंदाने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण त्याची बातमी मीच दिली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात दत्तूची बोट ‘सातेरी’ चार खलाशांसह याच बंदरातून गेली. दुसऱ्या संध्याकाळी एका बोटवाल्याने तिला लांबून बघितलं. त्याने हात केला, तिकडूनही कोणीतरी हात केला. समुद्र शांत होता. त्यानंतर ‘सातेरी’ कोणालाच दिसली नाही. फळी नाही, जाळं नाही, तेलाचा तवंग नाही. शोध दहा दिवसांनी थांबला. मग कोणी म्हणालं इंजिन बंद पडून वाहत गेली असेल, कोणी म्हणालं माणसं परक्या मुलखातल्या तुरुंगात आहेत, तिकडून सुटून आलेल्या कोणीतरी मालवणी बोलणारे पाच जण बघितले आहेत. त्या कोणीतरीला भेटायला मी दोनदा गेलो. तो सापडला नाही. सुमनच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि कपाळावर कुंकू होतं.

त्या हिवाळ्यात बाबलने आपल्या बोटीच्या केबिनवर मचाण बांधून घेतलं. ऐनाच्या जाड लाकडाचं, दीड पुरुष उंच, कठड्यासकट. वर जुन्या जीपची सीट बसवली, शोधदिवा लावला, त्याच्यासाठी ट्रकच्या दोन बॅटऱ्या चढवल्या. मासेमारीच्या प्रत्येक खेपेला तो वाट वाकडी करून त्या जागेवरून जायचा आणि वर बसायचा. उंचावरून लाटेपलीकडचं दिसतं. डिझेल जास्त लागायचं. खलाशी काही बोलायचे नाहीत.

हे मी तिला धक्क्याच्या टोकाला नेऊन थोडक्यात सांगितलं. तिने सगळं ऐकलं.

“आधी का नाही सांगितलंत?”

“मला वाटलं ते केबिनचंच आहे म्हणून मोजाल. मचाण म्हणून वेगळं काढाल असं वाटलं नाही.”

“त्यात बॅटऱ्या पण आहेत?”

“दोन.”

“देवा,” ती म्हणाली, आणि परत गेली.

तांडेल तिथेच बसला होता.

“मी वर चढून बघू का?” तिने विचारलं.

तो उठला. आम्ही तिघं होडीतून बोटीवर गेलो. ती शिडीने वर चढली, जीपच्या सीटवर बसली आणि समोर बघत राहिली. खाडीचं तोंड, त्यापलीकडे गढूळ, फेसाळ समुद्र. मी खाली तांडेलजवळ उभा होतो. मला तिचे पाय दिसत होते, मागच्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेल्या चपला.

“लांबचं दिसतं,” ती वरून म्हणाली.

“तेच्यासाटीच केलंय.”

“पण तांडेल, खाली बोट जरा हलली तर वर मी हातभर हलते. एवढं सगळं वजन तसंच हलतं. एका बाजूने जाळं ओढताय, डेकवर पाणी आलंय, आणि तेवढ्यात तिसरं काहीतरी झालं, तर ही परत येणार नाही.”

“मगे मी बघू खंयसून?”

ती खाली उतरली. खाली येऊन तिने हात पुसले आणि जे विचारलं ते विचारायला नको होतं असं मला त्या क्षणी वाटलं.

“तुमच्या भावाची बोट कशी झुलायची?”

तांडेल कठड्याला हात लावून उभा होता. बराच वेळ त्याने तो काढला नाही.

“मऊ,” तो म्हणाला. “ह्येच्यापेक्षा मऊ. बर्फाची पेटी वर ठेवलेली तेना. सगळे म्हणीत, झोपूचा तर दत्तूच्या बोटीर.”

आम्ही होडीतून परत आलो.

तिला अधिकार काहीच नव्हता. बोट थांबवायचा नाही, मचाण पाडायचा नाही, वर कळवायचाही नाही, कारण तशी अट होती. तिच्याकडे एक आकडा होता आणि तो मान्य करायचा की नाही हे तांडेलच्या हातात होतं. नारळी पौर्णिमेनंतर तो त्याच बोटीने आठ माणसं घेऊन जाणार होता. आणि आकडा मान्य करायचा तर त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट मान्य करावी लागत होती. ती धक्क्यावरच्या सगळ्यांना दिसत होती आणि कोणी तोंडाने उच्चारत नव्हतं.

उच्चारली सुमनने. आम्ही होडीतून उतरलो तेव्हा ती पायऱ्यांवर उभी होती.

“बाय,” ती वृंदाला म्हणाली, “मऊ झुलणारी बोट उलटता काय?”

“सुमन,” तांडेल म्हणाला.

“इचारूक देवा, भावजी. शिकलेला माणूस परत कधी येतला?” तिने वृंदाकडेच बघत पुन्हा विचारलं. “वादळ नसताना?”

मी अनेक माणसांना अशा प्रश्नापुढे उभं राहिलेलं बघितलं आहे. डॉक्टर, तहसीलदार, फौजदार. ते खाली बघतात किंवा खांद्यावर हात ठेवतात. वृंदाने दोन्ही केलं नाही.

“उलटू शकते,” ती म्हणाली. “शांत समुद्रातसुद्धा. पण ‘सातेरी’ उलटली असं मी सांगू शकत नाही. ती बोट मी मोजलेली नाही.”

“मोजल्याशिवाय सांगूक येणा नाय?”

“नाही.”

“बरा,” सुमन म्हणाली. तिने हे उत्तर काही वेळ मनात तोलून बघितलं असावं. मग ती तांडेलकडे वळली. “मगे मचाण काढा, भावजी. ही मोजलेली असा.”

“आणि तो?”

“तेका बघूचाच असा तर जमिनीवरसून बघूया. मचाण सड्यार नेवन उभा करा. मी चढान.”

तांडेल तिच्याकडे बघत राहिला. “लुगडा नेसान शिडी चढतलंस?”

“तुमी लुंगी नेसान चढतात ता चलता?”

पेला धुवायला गेलेला खलाशी तोवर परत आला होता. तो आधी हसला. मग बाकीचे.

मचाण त्याच दिवशी दुपारी उतरवलं. जीपची सीट आणि बॅटऱ्या वेगळ्या, लाकडं वेगळी. दोन होड्या लागल्या. भरती ओसरायच्या आत पुन्हा धावाधाव झाली. या वेळी कोणी गाणं मागितलं नाही. मी माडाच्या रेषेत डोलकाठी धरली. बोट झटक्याने उजवीकडे, झटक्याने डावीकडे, चिडल्यासारखी.

पाच सेकंदांच्या आत आलं, बऱ्यापैकी आत.

“आता हाडां खिळखिळी होतली,” तांडेल म्हणाला. तो ज्या सुरात म्हणाला त्यावरून मला कळलं की तो रागावलेला नव्हता. दमला होता.

वृंदाची संध्याकाळची एसटी होती. स्टँडवरच्या बाकावर बसून मी बोटीचं नाव न घालता बातमी लिहिली, कारण कणकवलीला जाऊन फॅक्स करायचा तर माझ्या गाडीला आणखी तासभर होता. पहिला परिच्छेद तिला वाचून दाखवला.

“‘धोकादायक’ काढा,” ती म्हणाली. “‘सुधारता येण्याजोगी’ लिहा.”

“बातमी मरेल.”

“बोट वाचेल. बोटवाले पुढच्या बंदरात मला उभं करतील.”

मी शब्द बदलला. एसटी आली नव्हती. पलीकडे एक बाई फणसाचे गरे विकत होती. वृंदाने दोन वाटे घेतले आणि एक माझ्यापुढे सरकवला. गरे खाण्याआधी तिने बोटांना तेल लावून घेतलं होतं. त्या बाईकडूनच मागून घेतलेलं.

“तुम्ही नेहमी इथेच असता?”

“इथेच.”

“मुंबईला यायचं नाही?”

“इथल्या बातम्या मग कोण देणार?”

“बरं आहे,” ती म्हणाली. “एक काहीतरी जागेवर लागतं. त्या माडासारखं. नाहीतर बाकीचं किती हललं हे कळायचं कसं?”

एसटी वळण घेऊन आत आली. ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि घड्याळ माझ्या हातात दिलं.

“हे ठेवा. दर वर्षी मोसमाआधी मोजा. बोटीवर माणसं काय काय चढवतात ते त्यांना स्वतःलाही कळत नाही. आकडा मला कळवा.”

“किती वर्षं?”

“बोट आहे तोवर.”

मी ‘बरं’ म्हटलं. आणखी काही म्हणता आलं असतं. कंडक्टरने घंटी दिली.

त्याला एकोणीस वर्षं झाली. मी त्याच दैनिकात आहे. आईने माझ्यासाठी मुली बघणं कधीच सोडून दिलं आणि मग ती गेली. दर जुलैत मी माडबागला जातो. आठ माणसं धावतात, मी माड आणि डोलकाठी एका रेषेत धरतो, भागाकार करतो. आधी पत्राने, मग मेलने आकडा पाठवतो. वृंदा दोन वर्षांनी नॉर्वेला गेली. तिकडे एका मोठ्या हौदात कृत्रिम लाटा काढून त्यांवर बोटींच्या प्रतिकृती सोडतात, असं तिने एकदा कळवलं होतं. एरवी तिचं उत्तर एका ओळीचं असतं. “परुळेकर, ठीक आहे. वर काही चढवू देऊ नका.” एका वर्षी मी आकड्याखाली लिहिलं की फणस या वर्षी उशिरा आला. तिने लिहिलं, “इथे मिळत नाही.” त्यानंतर मी दर वर्षी फणसाचं लिहितो आणि ती दर वर्षी तेच लिहिते.

मचाण सड्यावर, गावामागच्या उंच उघड्या कातळावर आहे. लाकूड ऐनाचं, त्याला काही झालेलं नाही. जीपच्या सीटची गादी दोनदा बदलली. सुमन रोज संध्याकाळी चढते. गुडघे दुखतात म्हणून बाबलने शिडीला कठडा लावून दिला. बांगड्या हिरव्या आहेत. बाबल आता समुद्रावर जात नाही. ‘रवळनाथ प्रसाद’चा तांडेल दत्तूचा मुलगा संतोष आहे. त्यामुळे सुमनला वर बसून दोघांची वाट बघावी लागते. एकाची बोट येते, असं ती स्वतःच म्हणते.

गेल्या वर्षी उत्तर दोन ओळींचं आलं. “अच्युत, आकडा मिळाला, ठीक आहे. पुढच्या जुलैत मी येते. घड्याळ मी धरीन.”

अठरा वर्षांत तिने मला नावाने कधी लिहिलं नव्हतं.

या वर्षी आम्ही तिच्यासाठी थांबलो. जुलै सरत आला. मी दोनदा मेल केली, तारीख विचारली. तिच्या संस्थेला फोन केला. त्यांनी सांगितलं की ती मे महिन्यापासून तिथे नाही. कुठे गेली ते सांगायची त्यांची रीत नाही. मी बातमीदार आहे, एवढ्यावर थांबायची मला सवय नाही. आणखी चार ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी म्हणाले, भारतात परतणार होती. एका ठिकाणी म्हणाले, आजारी होती. दोघांनीही ते ऐकलेलं होतं, बघितलेलं नव्हतं.

मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी संतोष म्हणाला, “काका, आता मोजा.” मोजलं. आकडा रुंदीच्या आत आहे, पण काठावर. गेल्या वर्षीपेक्षा बराच जास्त. वर काही चढवलेलं नाही. संतोषने माझ्यादेखत सगळी बोट तपासली. टाकी रिकामी होती. मी पुन्हा मोजलं, तेच आलं. लाकूड पाणी प्यायलं असेल, तळाचं काही हललं असेल. मला ते कळत नाही. मी आकडा पाठवला आणि खाली लिहिलं, “ठीक आहे का?” फणसाचंही लिहिलं.

“जावंदे,” संतोष म्हणाला. “रुंदीच्या आत असा ना?”

“तिचा उत्तर इल्याशिवाय नाय,” सुमन म्हणाली.

“आये, ती बाय खंय असा ता काकांका पण माहिती नाय.”

“माहिती नाय म्हणजे नाय असा होता काय?”

संतोषने माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाला चावी देत होतो.

हे लिहितोय तो मोसमाचा पाचवा दिवस आहे. माडबागच्या बाकी सगळ्या बोटी गेल्या. मेलचं उत्तर आलेलं नाही. ‘रवळनाथ प्रसाद’ धक्क्याला आहे.